वैयक्तिक कारणास्तव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला मंदीवरचा लेख वाचला. लेखक प्राध्यापक आहेत, अभ्यास दांडगा आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टनं 1935 ला डब्ल्यूपीए ही सरकारी कामं देणारी योजना काढली, आठ वर्षांत 85 लाख लोकांना काम दिलं, रस्ते, पूल, शाळा बांधल्या, नाटकवाले नि चित्रकारसुद्धा पगारावर घेतले, हे वाचून बरं वाटलं. त्याच्याच दुसऱ्या योजनेत तरण्या पोरांना झाडं लावायला पाठवायचं, महिन्याला 30 डॉलर द्यायचे आणि त्यातले 25 परस्पर घरी पाठवायचे, हे तर आमच्या मिसेसनं मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. का ते माझं मला कळलं.

पण शेवटी त्यांनी लिहिलंय की आजची तुलना 1930 च्या महामंदीशी करू नये कारण आता नोकरी गेलेल्या माणसाला सामाजिक सुरक्षा आहे. तिथं मला राहवलं नाही म्हणून हे पत्र.

2019 ला मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला होतो. नाव लिहीत नाही, मालक माणूस वाईट नव्हता. तुम्हाला आठवत असेल, गाड्यांचा खप पडला तसं आधी तीन शिफ्टच्या दोन झाल्या, मग एक, मग आठवड्यात दोन दिवस भट्टीच लागायची नाही, कंत्राटी पोरं तर त्याआधीच गेलेली, त्यात ऑगस्टमध्ये पूर आला. गणपती झाल्यावर आम्हा अकरा परमनंट लोकांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेले कागद तयार. वर आपलं नाव, खाली सही, आणि मध्ये एकच ओळ, "मी वैयक्तिक कारणास्तव नोकरीचा राजीनामा देत आहे". कारणापुढं थोडी जागा मोकळी होती, तिथं पेनानं भरायचं. मी विचारलं माझं वैयक्तिक कारण काय, तर एचआरचा पोरगा म्हणाला, काका, घरगुती अडचण लिहा, सगळे तेच लिहितात. आमच्या फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करायचं काम) मामांनी मात्र सरळ लिहिलं, "काम नाही म्हणून". पोरानं तो कागद फाडला आणि दुसरा दिला. म्हणाला, मामा हे चालत न्हाई, दुसरं लिवा. मामांनी मग "शेती बघायची आहे" असं लिहिलं. मामांना गुंठाभर पण शेती नाही.

सही का केली असं घरी पण विचारलं सगळ्यांनी. त्या महिन्याचा पगार आणि ग्रॅच्युइटी लगेच सोडतो म्हणाले म्हणून केली. आणि सोडली पण, खोटं बोलणार नाही. नंतर एका युनियनवाल्यानं सांगितलं की काढून टाकलं असतं तर कायद्यानं एक महिन्याची नोटीस किंवा पगार, शिवाय दर वर्षाला 15 दिवसांची भरपाई द्यायला लागली असती. माझी नऊ वर्षं म्हणजे 135 दिवस झाले. ते त्या घरगुती अडचणीत गेले.

त्यानंच सांगितलं की ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, लोकांसाठी 2018 पासून अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना आहे, बेकार झालेल्याला पगाराच्या 25 टक्के, 90 दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा. माझा पगार 17 हजार, म्हणजे महिना सव्वाचार हजार, तिन्ही महिन्यांचे मिळून पावणेतेरा हजार. ते पण तेव्हाच्या नियमानं तीन महिने बेकार राहिल्यावर अर्ज करायचा, म्हणजे तोवर काय खायचं हे ज्याचं त्यानं बघायचं. जानेवारीत कागद गोळा करून गेलो. तिथल्या मॅडम चांगल्या बोलल्या, बसायला सांगितलं, नियम दाखवला, शिक्षा म्हणून काढलं असेल किंवा रिटायर झाला असेल किंवा स्वेच्छेनं निवृत्त झाला असेल तर मिळत नाही. माझा कागद बघून म्हणाल्या, भाऊ, इथं तर तुम्हीच सोडलीय असं दिसतंय, मालकानं काढल्याचं काही लेखी आहे का? काय सांगणार. उठून आलो. पुढं 2020 ला सरकारनं 25 चे 50 टक्के केले, तीन महिन्यांचा एक महिना केला, मालकाच्या हातून अर्ज जायची अट काढली, चांगलं केलं. पण कागदावर राजीनामाच असला तर पन्नास काय नि शंभर काय.

आणि आमची नोकरी गेली त्याच 2019 च्या सप्टेंबरात दिल्लीहून मंदीवर इलाज काय आला तर कंपन्यांचा टॅक्स 30 चा 22 टक्के. पेपरात मोठ्या अक्षरात छापलेलं तुम्ही. त्यात गंमत अशी की आमच्या मालकाची पार्टनरशिप फर्म, त्यामुळं त्यालाही दमडीचा उपयोग नाही, उद्यमनगरात असे कितीतरी आहेत.

आता माझं मुख्य दुखणं. प्राध्यापकांनी रोजगार हमीचं कौतुक केलंय, ती योजना आणणाऱ्या वि. स. पागेंचं नाव घेतलंय, बरोबरच आहे. माझे वडील आटपाडीकडचे, 72 ला त्यांनी पाझर तलावावर खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय, मस्टरवर अंगठा केला की मजुरी मिळायची. पण ही योजना चालवायला 1975 ला आपल्या राज्यानं प्रोफेशन टॅक्स बसवला, तो महिन्याला 200 नि फेब्रुवारीत 300 असा वर्षाला 2500 माझ्या पगारातून सात वर्षं कापलाय, साडेसतरा हजार झाले, आणि माझी नोकरी गेल्यावर ती हमी मला नाही कारण मी राहतो कोल्हापूर शहरात आणि ती खेड्यासाठी. मी फावडं मारायला तयार होतो हो.

रूझवेल्टच्या आधीचे अध्यक्ष हूवरसाहेब, त्यांचं तर प्राध्यापकांनी लिहिलंच नाही. 1930 ला न्यूयॉर्कात बेकार लोक कोपऱ्याकोपऱ्यावर पाच सेंटला एक सफरचंद विकत उभे होते, आणि त्यांनी मागनं आठवणींत लिहिलं की जास्त फायदा म्हणून पुष्कळ जण नोकऱ्या सोडून सफरचंदं विकायला गेले! आमचे मामा सध्या नाक्यावर ऑम्लेट-पावची गाडी लावतात. सरकारी सर्व्हेत आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी माणूस कामाला आहे असं धरतात, त्या हिशेबानं मामा तर भलतेच कामात आहेत, पहाटे चारला उठतात.

एवढा मोठा लेख कोल्हापूरच्या पेपरात आणि 1896-97 च्या दुष्काळात शाहू महाराजांनी कामं काढली, स्वस्त धान्याची दुकानं उघडली, त्याची एक ओळ नाही, हे पण खटकलं.

आणि जाता जाता, ज्या पानावर तुम्ही बेकारीवर लेख छापला त्याच पानावर खाली "घरबसल्या पेन पॅकिंग करा, महिना 25 हजार कमवा" ही जाहिरात आहे. माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी असल्याच एका जाहिरातीला रजिस्ट्रेशनचे पंधराशे भरलेत. पेनं अजून आलेली नाहीत. जाहिरात विभागाला विचारून सांगाल का कधी येतील.

पत्र मोठं झालंय, कापलं तरी चालेल. प्रोफेशन टॅक्सचा पॅरा तेवढा कापू नका.

आपला,
एक जुना वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव छापू नये, सध्या दुसऱ्या फौंड्रीत कंत्राटावर आहे)