फोंड्याच्या भाईंना, उशिरा का होईना

भाई, देव बरें करूं!

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच पावसाचा विषय काढता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

गेल्या मे महिन्यात मी तुमच्या वर्कशॉपात आलो तो अर्धा कारागीर होऊन. लेकीचं 10 मीटर एअर पिस्तूल, छर्ऱ्यांच्या डब्यांचा खर्च, आणि टायरवाल्याकडून आणलेली चाकाच्या बॅलन्सिंगची वजनं पिशवीत. म्हटलं, वितळवायची, साच्यात ओतायची, छर्रे घरीच. तुम्ही साच्याचं चित्र बघितलंच नाहीत. एवढंच विचारलंत, "नळी मोजली?"

"4.5 मिलिमीटर," मी म्हणालो. "ते डब्यावर लिहिलेलं. नळी मोजली?"

मग पिशवीतलं एक वजन काढून तुम्ही त्यावर नख ओढलंत. ओरखडा उमटेना. "ह्यात अँटिमनी आहे, कडक. शुद्ध शिशावर नख उठतं." कडक धातू नळीतून बाहेर आला की किंचित परत फुलतो आणि माप खोटं पडतं, हेही तेव्हाच सांगितलंत. तुमच्या पागेराचा, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याचा, शिशाचा एक मऊ मणी कापून, लाटून नळीपेक्षा केसभर जाड केलात. हवेचं सिलिंडर काढलेलं पिस्तूल कापडात गुंडाळून वाइसमध्ये धरलंत, नळीत तेलाचा थेंब सोडलात आणि पितळी सळईने तो तुकडा मागून पुढे हळूहळू ढकललात. मध्येच सळई माझ्या हातात दिलीत, "बघ, कुठे सैल लागतं का." सैल कुठेच नव्हतं. तोंडाशी मात्र जरा घट्ट.

तो इवलासा तुकडा खिडकीच्या उजेडात फिरवून दाखवलात, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तुकड्यावर जे उंच, ते नळीत खोल. नळीच्या आतल्या पिळदार खाचा सम संख्येच्या निघाल्या हे नशीब. विषम असत्या तर खाचेसमोर खाच येत नाही आणि साध्या मायक्रोमीटरला खरा व्यास सापडत नाही. मी व्हर्नियर पुढे केला, तुम्ही तो बाजूला सारलात. मायक्रोमीटरसुद्धा रॅचेटनेच, म्हणजे ठरावीक दाबानंतर नुसत्या घसरणाऱ्या टोकाच्या मुठीनेच, फिरवलात, कारण बोटाचा जोर दिला तर शिसं चेपतं आणि आपण आपलाच जोर मोजतो. जागा बदलून चारदा मोजलंत. चारही वेळा 4.53.

रेइश मागूशच्या किल्ल्यावरच्या तोफांची गोष्ट तिथेच निघाली. तोफेची नळी आतून गुळगुळीत, गोळा तोंडाकडून आत घालायचा, म्हणून तो नळीपेक्षा मुद्दाम लहान. खाचांच्या नळीत उलटं, शिशाने खाचा भरायला हव्यात. आणि छर्ऱ्याची मागची पोकळ, पातळ कड हवेच्या दाबाने फुगून तेच काम करते. ती कड घरच्या साच्यात सारख्या जाडीची उतरणार नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझा कारखाना तिथेच बंद पडला. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याऐवजी तुम्ही दोन डबे आणायला सांगितलेत, डोक्याचं माप 4.49 आणि 4.51. पिस्तूल टेकवून प्रत्येकी पाच छर्रे. 4.49 चे पसरले. 4.51 चे चार एकाच भोकात आणि पाचवा त्याला चिकटून. त्या निशाण्यावर दहाचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं असतं, तेव्हा हे काय आहे ते कळायला मला नेमबाज असायची गरज नव्हती. लेक मात्र गप्प होती. कित्येक महिने ती स्वतःच्या मनगटाला दोष देत होती.

आणखी एक. मी शिसं स्वयंपाकघरातल्या शेगडीवर वितळवणार होतो, हे तुम्हाला सांगितलंच नव्हतं. पण जाता जाता तुम्ही म्हणालात, "पोरं असलेल्या घरात शिसं तापवायचं नाही. आणि पावसाळ्यात तर नाहीच. साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तर त्याची वाफ सगळं अंगावर उडवते." बायकोने हे ऐकलं आणि ती तुमची पक्की चाहती झाली.

वजनांची पिशवी अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे. तुमच्या पागेराला चालत असतील तर चतुर्थीनंतर आणून देतो. एका मण्याचं देणं आहेच.

तुमचा,
लेकीचा बाप