फादर स्टीफन्सच्या गावाजवळून बाबांना पत्र

स्विंडन, विल्टशायर
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

आईने पाठवलेले कोकमाचे आगळ आणि त्यासोबतची तुमची चिठ्ठी, दोन्ही सुखरूप पोचले. चिठ्ठीत तुम्ही एकच प्रश्न विचारला आहे : मराठीची थोरवी गाणारी ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ओवी ज्याने लिहिली, तो क्रिस्तपुराणाचा कर्ता इंग्रज फादर स्टीफन्स आपला मुलूख सोडून निघाला तरी का? इतकी वर्षे वर्गात ती ओवी शिकवून झाल्यावर हा प्रश्न तुम्हाला पडावा आणि त्याचे उत्तर तुम्ही माझ्याकडे मागावे, याचा मला फार आनंद झाला. हे उत्तर फोनवर सांगण्याजोगे नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमारास बुश्टन येथे झाला. ही लहानशी वाडी आमच्या स्विंडनपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत आहे, हे मला येथे राहायला येईपर्यंत ठाऊक नव्हते. गेल्या शनिवारी मी तेथे जाऊन आले. हिरवी कुरणे, आपल्याकडच्या वईसारखी झुडपांची कुंपणे, लांबवर खडूच्या टेकडीची कड आणि भुरभुर पाऊस, एवढेच तेथे पाहायला मिळाले. येथून निघालेला माणूस गोव्यातल्या साष्टीच्या माडांत जाऊन चाळीस वर्षे राहिला. आज त्याच विल्टशायरमध्ये, या स्विंडन शहरात, गोव्याच्या लोकांची मोठी वस्ती आहे. आमच्या शेजारच्या काकू मडगावच्या आहेत. स्टीफन्सचे गाव इतक्या जवळ आहे हे सांगितले तेव्हा त्या कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत.

आता तुमचा प्रश्न. स्टीफन्स जन्मला त्याच वर्षी, १५४९ च्या जून महिन्यात, इंग्लंडच्या सगळ्या चर्चांमधून लॅटिन उपासना बंद होऊन आर्चबिशप थॉमस क्रॅनमरने तयार केलेले इंग्रजी प्रार्थनापुस्तक सुरू झाले. देवाशी आपल्या भाषेत बोलता यावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले होते, त्यांच्यासाठी तो सोन्याचा दिवस होता. पण त्याच उन्हाळ्यात डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये त्या पुस्तकाविरुद्ध बंड उठले. कॉर्नवॉलच्या लोकांचे एक म्हणणे असे होते की आमच्यातल्या काहींना इंग्रजी मुळीच कळत नाही, तेव्हा ही नवी इंग्रजी उपासना आम्ही घेणार नाही. त्यांची भाषा कॉर्निश होती. ते बंड सैन्य घालून चिरडले गेले आणि हजारो माणसे मेली. लोकांची भाषा म्हणून जी इंग्रजी देवळात आली, तीच या लोकांना परकी होती. हे वाचल्यापासून ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मुळात इंग्रजीलाही ती जागा सहज मिळाली नव्हती. परवानगीवाचून बायबलचे इंग्रजीत भाषांतर करण्यास इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकाच्या आरंभापासूनच मनाई होती. ती मोडली ग्लॉस्टरशायरच्या विल्यम टिंडेलने, आणि ग्लॉस्टरशायर म्हणजे आमच्या विल्टशायरला लागूनच असलेला परगणा. एका विद्वान पाद्र्याशी वाद घालताना टिंडेल म्हणाला होता की देवाने आयुष्य दिले तर नांगर हाकणाऱ्या पोरालाही तुमच्याहून जास्त शास्त्र कळेल असे मी करीन. लंडनच्या बिशपने त्याला आश्रय नाकारल्यावर १५२४ मध्ये तो जर्मनीला गेला. कोलोनला छपाई चालू असताना बातमी फुटली, तेव्हा छापलेले कागद घेऊन तो ऱ्हाइन नदीने वर्म्सला पळाला, आणि १५२६ मध्ये तेथे मूळ ग्रीकवरून केलेला त्याचा इंग्रजी नवा करार, म्हणजे बायबलचा उत्तरार्ध, छापून पुरा झाला. कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून त्या प्रती इंग्लंडात आल्या आणि बिशपने त्या लंडनच्या सेंट पॉल चर्चपाशी जाहीरपणे जाळल्या. त्या आवृत्तीच्या फक्त तीन प्रती आज उरल्याचे माहीत आहे. त्यांतली एक ब्रिटिश लायब्ररीने १९९४ मध्ये दहा लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन विकत घेतली. मी ती काचेआड पाहिली आहे. मुखपृष्ठ गळालेले, अक्षरांना हाताने रंग भरलेले आणि आकार एवढा लहान की बंडीच्या खिशात सहज मावेल. हे पुस्तक लपवून वाचण्यासाठीच होते, हे त्या आकारावरूनच उमगते.

टिंडेलच्या स्वतःच्या हातचे म्हणून एकच पत्र आज शिल्लक आहे, आणि त्याबद्दल तुम्हाला सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १५३५ मध्ये अँटवर्पला एका ओळखीच्या माणसाने त्याला दगा देऊन पकडून दिले आणि ब्रसेल्सजवळच्या विल्वोर्द किल्ल्यात त्याला कैदेत टाकले. तेथून त्याने अधिकाऱ्याला लॅटिनमध्ये लिहिले की माझ्या सामानातून एक उबदार टोपी द्यावी, कारण सर्दीने डोके धरले आहे. अंगातला कोट पातळ आहे, तेव्हा जाडसर कोट आणि विजारीला ठिगळ लावण्यापुरते कापड द्यावे. संध्याकाळी दिवा लावू द्यावा, कारण अंधारात एकटे बसणे फार कंटाळवाणे होते. आणि सगळ्यांत मोठी विनवणी ही की हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण आणि हिब्रू शब्दकोश मिळावा, म्हणजे वेळ अभ्यासात जाईल. बाबा, मरण समोर उभे असताना शब्दकोश मागणारा हा माणूस मला तुमच्या जातकुळीचा वाटला. १५३६ च्या ऑक्टोबरात त्याला गळा आवळून मारले आणि मग प्रेत जाळले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत राजाच्याच संमतीने इंग्रजी बायबल गावोगावच्या चर्चांत ठेवले जाऊ लागले, आणि त्यात टिंडेलचा मजकूर भरपूर होता. १६११ च्या राजमान्य भाषांतरातही त्याची वाक्येच्या वाक्ये आहेत. आमच्या कार्यालयात कोणी दुसऱ्याच्या चुकीचे खापर आपल्या माथी आले म्हणून ‘स्केपगोट’ म्हणते, तेव्हा तो शब्द टिंडेलने घडवलेला आहे हे त्याच्या गावीही नसते.

तिकडे आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडून १५३४ मध्ये स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवले, आणि १५३६ ते १५४० या चार वर्षांत आठशेच्या आसपास मठ मोडून त्यांच्या जमिनी जप्त केल्या. ग्रंथालये विस्कटली, पोथ्यांची पाने बांधणीसाठी आणि पुसापुशीसाठी वापरली गेली. याच्या खुणा पाहायच्या तर सॉल्झबरीला जावे. तेथील सेंट थॉमस चर्चमध्ये मधल्या कमानीवर पंधराव्या शतकातले, जगाच्या अंती होणाऱ्या न्यायनिवाड्याचे भलेमोठे चित्र आहे. इंद्रधनुष्यावर ख्रिस्त बसला आहे, एका बाजूला थडग्यांतून मृत उठत आहेत आणि दुसऱ्या बाजूला नरकाच्या जबड्याकडे चाललेल्या पाप्यांत मापात मारणारी एक बियरवाली हातात सुरई घेऊन उभी आहे. १५९३ मध्ये या सगळ्यावर चुन्याचा हात फिरला. पुढे सव्वादोनशे वर्षे लोक त्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करत राहिले, आणि १८१९ मध्ये चुन्याखाली रंग दिसू लागले. मी त्या चित्राखाली बराच वेळ बसले होते. ज्या शेतकऱ्याला अक्षर येत नव्हते त्याचे तेच पुराण होते, आणि ते पुसणाऱ्यांना मात्र आपण त्याला खरे पुस्तक देत आहोत असे मनापासून वाटत होते.

आता स्टीफन्सच्या वयाने हे सगळे मोजा. तो चार वर्षांचा असताना कॅथलिक मेरी राणी आली आणि लॅटिन उपासना परतली. तिच्या पाच वर्षांच्या राज्यात २८० च्या आसपास प्रोटेस्टंट जिवंत जाळले गेले. त्यांत प्रार्थनापुस्तकाचा कर्ता क्रॅनमरही होता, ज्याने आपल्या मतांचा त्याग लिहून देणारा उजवा हात आधी आगीत धरला. स्टीफन्स नऊ-दहा वर्षांचा झाला तोवर एलिझाबेथ गादीवर आली आणि उपासना पुन्हा इंग्रजीत झाली. चर्चला न जाणाऱ्याला दर खेपेस बारा पेन्स दंड बसू लागला, आणि १५८१ मध्ये तो महिन्याला वीस पौंडांवर गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एडमंड कँपियन हा विद्वान जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा पाद्री, लंडनला फासावर चढला. पुढे १५८५ च्या कायद्याने देशात जेझुइट पाद्री सापडणे हाच राजद्रोह ठरला.

स्टीफन्सच्या घराण्याचा कल जुन्या, म्हणजे कॅथलिक, धर्माकडे होता. त्याचा मित्र थॉमस पाउंड हा दरबारातला श्रीमंत माणूस. राणीसमोर नाचताना तो पडला, राणीने त्याचा अपमान केला आणि त्याने दरबार सोडला, असे सांगतात. दोघांनी मिळून रोमला जायचे ठरवले होते, आणि त्याआधी स्टीफन्स त्याचा नोकर म्हणून वेष पालटून त्याच्याबरोबर वावरत होता. पण पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची पुढची तीसेक वर्षे बहुतेक तुरुंगांतच गेली. स्टीफन्स एकटाच निसटला, १५७५ मध्ये रोमला जेझुइट झाला आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून गोव्याच्या गलबतावर चढला. तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे, बाबा. धर्मप्रसाराची ओढ त्याला होतीच. पण ज्या देशात त्याने पाद्री होऊन राहणे म्हणजे फाशी ओढवून घेणे होते, तो देश त्याच्यासाठी आधीच बंद झाला होता.

गोव्यात पोचल्यावर १० नोव्हेंबर १५७९ रोजी त्याने लंडनला वडिलांना पत्र लिहिले, आणि रिचर्ड हॅक्लुइटने ते आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापल्यामुळे ते टिकले. ते उघडताना मला भरून आले, कारण आरंभी तो वडिलांचे नित्याचे आशीर्वाद मागतो, आईला नमस्कार कळवतो आणि मग आपली खुशाली सांगतो. अगदी आपल्या पत्रांची रीत. पुढे गलबतावरचा आजार येतो : हिरड्या सुजतात, त्या कापाव्या लागतात, पाय सुजतात, दीडशेहून अधिक जण आजारी पडले, त्यांतले सत्तावीस गेले, आणि खलाशांच्या मते हे थोडकेच. उडणारे मासे येतात, आफ्रिकेच्या दक्षिणेच्या केपजवळच्या प्रचंड लाटा येतात, आणि अखेरीस गोव्यात प्यायला चांगले पाणी किंवा माडाची दारू मिळते असे तो कळवतो. चार वर्षांनी राल्फ फिच, न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती हे इंग्रज गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना सोडवायला धावून गेला तो हाच देशांतरी कॅथलिक. ते ‘टायगर’ नावाच्या जहाजाने निघून अलेप्पोमार्गे आले होते, आणि शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’मधली चेटकीणही ‘टायगर’चा कप्तान अलेप्पोलाच गेला आहे असे सांगते.

आपल्या घरी या विषयाची दुसरी बाजूही आहे, ती मी विसरलेली नाही. १५६० च्या दशकात साष्टीची देवळे पाडली गेली, आणि आपला मंगेश कुठ्ठाळीहून रातोरात नदीपार प्रियोळला न्यावा लागला. स्टीफन्स तेथे पोचला तो त्यानंतर, आणि ज्या सत्तेने ती देवळे पाडली तिच्याच आश्रयाने. पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती लोकांनी आम्हाला दुसरे काही वाचायला द्या म्हटले, म्हणून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. जे सॉल्झबरीच्या भिंतीचे झाले तेच आपल्या मंगेशाच्या मूळ जागेचे झाले, आणि एका जागी ज्याच्या पक्षाचे नुकसान झाले, तो दुसऱ्या जागी नुकसान करणाऱ्यांच्या पंगतीला बसला होता. हे मला त्याच्या ओवीइतकेच खरे वाटते आणि मी दोन्ही एकत्रच धरून ठेवणार आहे.

तरीही भाषेच्या बाबतीत त्याने जे केले, ते टिंडेलच्या वाटेवरचेच आहे. त्याच्या पंथाने जे टिंडेलला करू दिले नाही, ते स्टीफन्सने आपल्या शेतकऱ्यांसाठी केले. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणाला, छंद ओवीचा घेतला. छपाईचे देवनागरी खिळे नसल्याने १६१६ मध्ये राशोलला ते पुराण रोमन लिपीत छापले गेले, आणि तीन वर्षांनी स्टीफन्स साष्टीतच वारला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषांविरुद्ध फर्मान काढले. स्टीफन्सच्या हयातीतल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज माहीत नाही. टिंडेलच्या निदान तीन तरी आहेत.

एक काम सांगते. शेजारच्या काकूंना कोकणी रोमन लिपीतच वाचता येते, म्हणून दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे बसून क्रिस्तपुराण मोठ्याने वाचायचे आम्ही ठरवले आहे. डिसेंबरात दादा येईल त्याच्या हाती तुमच्या कपाटातली प्रत द्यावी. नवी विकत घेऊ नका. समासात तुमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत तीच पाठवा, आणि काकू विचारतील त्या शब्दांचे अर्थ मी तुम्हाला लिहून विचारत जाईन.

आईस साष्टांग नमस्कार. आगळ जपून वापरते आहे.

तुमची,
धाकटी