पाच किलो वाढवून या!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वजन कमी करायच्या इंजेक्शनांबद्दल सध्या बरंच छापून येतंय, पण त्यात एकतर शंभर किलोच्या पुढचे लोक असतात नाहीतर आधीच बारीक असलेले सेलिब्रिटी. मधल्यांचं काय? म्हणजे माझ्यासारख्यांचं. उंची १६५ सेंटीमीटर, वजन ७७ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २८ च्या थोडा वर. लोकांच्या भाषेत "अगं तू कुठे जाड आहेस".

मी पहिल्यांदा एका डॉक्टरांकडे विषय काढला तर ते काट्याकडे बघून हसले, म्हणाले बीएमआय ३० च्या खाली हे देत नाहीत, अजून पाच किलो वाढवून या. चेष्टाच केली त्यांनी, पण खरं सांगते, घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला होता की पाच किलो वाढवायला किती दिवस लागतील!

मग ऑनलाइन प्रयत्न. फॉर्ममध्ये ७७ टाकलं तर पात्र नाही, ८५ टाकलं तर थेट पेमेंटचं पान. ना व्हिडिओ कॉल, ना कुठला रिपोर्ट. कार्डाचा नंबर टाकायला घेतला आणि माझीच मला भीती वाटली, उद्या उलट्या सुरू झाल्या तर सांगणार कुणाला आणि काय, वजनच खोटं सांगितलंय. लॅपटॉप मिटून टाकला.

आणि चीड याची येते की खोटं बोलायची गरजच नव्हती. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) जून २०२१ मध्ये वेगोवी या वजन कमी करायच्या इंजेक्शनला मंजुरी दिली तेव्हाच नियम होता की बीएमआय ३० किंवा जास्त, नाहीतर २७ किंवा जास्त आणि सोबत बीपी, टाइप २ डायबेटिस, कोलेस्टेरॉल असं वजनाशी संबंधित काहीतरी. मला चार वर्षं बीपीची गोळी चालू आहे. कुणी विचारलंच नाही. शिवाय आशियाई लोकांना कमी बीएमआयलाच धोका सुरू होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच २३ आणि २७.५ असे वेगळे आकडे सुचवले होते, ते तर कुणाच्या गावीच नाही.

तिसऱ्या खेपेला भेटलेल्या डॉक्टर मात्र वेगळ्या निघाल्या. आधी टेप काढून कंबर मोजली. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) करायला लावलं. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर होता का, पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाला सूज असं कधी झालंय का, मूल होऊ द्यायचा विचार आहे का (असेल तर निदान दोन महिने आधी औषध बंद करावं लागतं). मग म्हणाल्या, "सुरू करणं सोपं आहे, थांबायचं कधी ते बोलूया." याच औषधाच्या २०२१ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे माझ्या हिशोबाने अकरा किलो जाणार आणि सातेक परत येणार, आणि जाताना चरबीबरोबर स्नायूही जातात, येताना मात्र बहुतेक चरबीच. हे ऐकून मी दोन आठवडे नुसती विचार करत बसले.

माझ्याबरोबर एक मैत्रीण आली होती, बीएमआय २४, आजार काही नाही, जुना ड्रेस बसावा एवढंच. तिला सरळ नाही म्हणाल्या. ती अजून रुसलेली आहे, पण मला ते पटलं.

मी सुरू केलं. आठवड्यातून एकदा, ०.२५ मिलिग्रॅमपासून, दर चार आठवड्यांनी डोस वाढवत. डोस वाढला की दोन दिवस मळमळ, आणि बद्धकोष्ठता, जिच्याबद्दल कुणी चारचौघांत बोलत नाही. डंबेल्स उचलायचे हे डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिलंय. पाच महिन्यांत ७१ किलो झालेय, बीपीच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी अर्धा केलाय.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी आधीचा-नंतरचा फोटो छापाल तेव्हा बाजूला एक छोटी चौकट टाका, डॉक्टरांनी तुम्हाला काय काय विचारायला हवं आणि तुम्ही त्यांना काय सांगायला हवं. बीपीची गोळी चालू असेल तर ती आधी सांगा, हे त्यात सगळ्यात वर.

आपली,
एक मधली वाचक