'बोर्ड गेला' म्हणजे नेमके काय गेले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वळवाच्या पहिल्या कडकडाटानंतर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानांत टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि राउटर येऊन पडतात, आणि बऱ्याच गिऱ्हाइकांना 'बोर्ड गेला, नवाच घ्या' एवढे सांगून वाटेला लावले जाते. कधी ते खरे असते, कधी निव्वळ आळस. वीज कोणत्या वाटेने आत शिरली ते पाहिले की दोन्हींतला फरक कळतो.

मेन लाइनमधून आली तर बहुधा पॉवर सप्लायचा पहिला टप्पाच मार खातो. वस्तू ठार बंद, स्टँडबायचा लाल दिवासुद्धा नाही. आतला फ्यूज पाहावा. काच आतून काळी किंवा रुपेरी झाली असेल तर पुढे सरळ शॉर्ट आहे. जवळच शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठी निळी चकती असते, ती एमओव्ही. तिच्यावर १०डी४७१ किंवा १४डी४७१ असे काहीसे छापलेले असते. व्होल्टेज भलतेच चढले की ती सगळा प्रवाह स्वतःवर घेते, फ्यूज उडवते आणि तडकते. नशीब चांगले असेल तर त्याच नंबरची नवी चकती आणि ३.१५ अँपिअर, २५० व्होल्टचा स्लो-ब्लो फ्यूज एवढ्यावर टीव्ही सुरू होतो. दोन्ही भाग मिळून चहा-वडापावच्या खर्चात बसतात. काही कारागीर मात्र जळकी चकती कापून टाकतात आणि फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा झाळतात. टीव्ही चालतो, पण पुढच्या वेळी फ्यूज उडत नाही, बोर्डावरची तांब्याची पट्टीच जळते.

चकती बदलूनही फ्यूज उडत असेल तर ब्रिजचे (एसीचा डीसी करणारे) डायोड आणि मॉसफेट (सप्लायची झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) तपासावे. मॉसफेट शॉर्ट असेल तर त्याच्या सोर्स या पायाचा एक ओहमपेक्षाही कमी किमतीचा रेझिस्टर आणि त्याला चालवणारी आयसी हेही बहुधा गेलेले असतात. एकटा मॉसफेट बदलला की चालू करताच तो पुन्हा फुटतो. तिन्ही एकदम बदलावेत आणि पहिल्यांदा १०० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावूनच चालू करावे. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर शॉर्ट अजून आहे. (हे बल्ब आता शोधावे लागतात, जुना असेल तर फेकू नका.) मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही ३२५ व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त साठा राहू शकतो. १० किलो-ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने तो उतरवावा आणि मीटरने खात्री करावी. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची मर्दुमकी नको. ज्याला मीटर धरता येत नाही त्याने झाकण उघडूच नये.

डिशच्या केबलमधून किंवा लॅनच्या (इंटरनेटच्या) वायरमधून शिरलेली वीज जास्त घातक. लाल दिवा लागतो, पण चित्र नाही. डिशवरचा एलएनबी (सिग्नल पकडणारा डबा), सेट टॉप बॉक्स आणि एचडीएमआयमधून टीव्हीचा मेन बोर्ड, असा तिचा प्रवास होतो. केवळ एक पोर्ट गेला असेल तर दुसऱ्यावर काम चालते. पण ३.३ व्होल्टच्या लाइनवर ग्राउंडशी दोन-तीन ओहमच दिसत असतील तर बहुधा मुख्य चिपच गेली आहे. मग त्याच मॉडेलचा, पॅनल फुटलेल्या टीव्हीतून काढलेला बोर्ड मिळतो का ते पाहावे. नाही मिळाला आणि खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर नाद सोडावा. राउटरचे मात्र आधी १२ व्होल्टचे अडॅप्टर बदलून बघावे, पुष्कळदा तेवढेच गेलेले असते.

सगळ्या वाडीतल्या वस्तू एकदम गेल्या आणि त्याआधी दिवे प्रखर झाले, तर ती आकाशातली वीज नव्हे. थ्री फेज लाइनचा न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्टपर्यंत आले असतील. ही तक्रार दुकानात नव्हे, वीज कार्यालयात लेखी द्यायची.

स्टॅबिलायझर यात कामाचा नाही. त्याचा रिले हलायला काही मिलिसेकंद लागतात, विजेचा तडाखा मायक्रोसेकंदांत आटोपतो. नुसते बटण बंद करूनही भागत नाही, कारण न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि बटणातली फट विजेला क्षुल्लक आहे. प्लग, डिशची केबल आणि लॅन तिन्ही काढावे लागतात, तेही आधीच. विजेची आगाऊ सूचना देणारे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप त्यासाठीच आहे. वीज डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावू नये. फायबर केबलमधून वीज येत नाही, पण केबलला आधार देणारी लोखंडी तार असेल तर ती घराबाहेरच तोडायला सांगावी.

कायमचा बंदोबस्त हवा असेल तर घराच्या मेन स्विचच्या बोर्डात टाइप २ एसपीडी (जादा व्होल्टेज जमिनीत उतरवणारा भाग), ३२० व्होल्टचा, बसवावा. त्याच्या जोडतारा एकूण अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत आणि अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचलेले हवे. बऱ्याच घरांत ती हिरवी तार भिंतीतच संपलेली सापडते. एसपीडीवरची छोटी खिडकी लाल झाली की आतले काडतूस संपले असे समजून पावसाळ्याची वाट न पाहता बदलून घ्यावे.

आपला,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर, जि. सिंधुदुर्ग