पोरगी उंच होतेय म्हणून आम्ही खूश होतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय, ब्रॉयलर चिकन आणि इंजेक्शनच्या दुधामुळं पोरींना लवकर पाळी येते म्हणे, आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले. म्हणून लिहितेय, कारण असल्याच मेसेजवर विश्वास ठेवून मी सात महिने घालवले.

लेक साडेसात वर्षांची, तिसरीत. छातीत गाठ दुखते म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, हल्ली सगळ्याच पोरींचं लवकर होतं. मग चिकन बंद केलं, दूध बदललं, झालं. वर्गात सगळ्यात उंच, त्याचं कौतुकच! शेवटी मिरजेला डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी डाव्या हाताचा एक्सरे काढला आणि हाडांचं वय निघालं साडेदहा. म्हणजे आज ती उंच दिसतेय, पण हाडं लवकर पिकली की वाढही लवकर थांबते आणि पुढं तीच सगळ्यांत बुटकी राहू शकते. मग रक्तात एलएच (वयात येणं सुरू करणारं हार्मोन), थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी, डोक्याचा एमआरआय, तो शब्द ऐकूनच माझे पाय गळाले. सगळं क्लिअर आलं. मुलींमध्ये बऱ्याचदा कारण सापडतच नाही, वजन जास्त असेल तर मात्र धोका वाढतो. आणि आमचं बाळ भडंग आणि बिस्किटांवरच वाढलेलं, असो.

आता दर तीन महिन्यांनी वयात येणं थांबवून धरणारं एक इंजेक्शन असतं, साधारण अकराव्या वर्षी बंद करायचं, मग पाळी आपली आपण येते. यानं पुढं मूल होत नाही असं शेजारणीनं सांगितलं, ते खोटंय. सगळ्यांना इंजेक्शन लागतं असंही नाही, काहींची नुसती छाती वाढते आणि तिथंच थांबते, त्यांच्यावर फक्त लक्ष ठेवतात. पण ते डॉक्टरनं ठरवायचं, ग्रुपनं नाही.

मुलीला आठच्या आत आणि मुलाला नऊच्या आत वयात येण्याचे बदल दिसले तर डॉक्टरांना दाखवा. मुलाचं तर अजिबात टाळू नका, त्यांच्यात मेंदूतली गाठ वगैरे कारण निघण्याची शक्यता जास्त असते. प्रगतिपुस्तकात उंची लिहिलेली असते, कोण बघतं? या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ नॉर्मल, माझ्या लेकीची नऊ होती, आणि मी खाली सही करून मोकळी.

पत्र छापलंत तर नाव नका टाकू, पोरगीला शाळेत जायचंय.

एक आई, विश्रामबाग, सांगली