फवारणीआधी थोडं बघू या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाय मोडल्यामुळे गेले पाच आठवडे मी घरातच आहे. मुलाने माझी खुर्ची मागच्या दारात मांडून दिली. समोर आमची बाग. बाग म्हणजे काय, तर एक लिंबाचं झाड, दोन गुलाब, एक मोगरा आणि कडेची थोडी मोकळी माती. इतकी वर्षं मीच तिची निगा राखते आहे. पण नुसतं बसून तिच्याकडे बघण्याची वेळ ही पहिलीच.

पहिला शोध नातीचा. लिंबाच्या कोवळ्या पानावर काळा-पांढरा ठिपका होता. "आजी, पक्षी शिटलाय का गं इथे?" मीही हो म्हणाले, आणि तेवढ्यात तो ठिपका हलला. फुलपाखराचा सुरवंट! पक्ष्यांनी टिपू नये म्हणून लहानपणी तो हे सोंग घेतो. पुढे कात टाकता टाकता एक दिवस तो पानासारखाच हिरवागार झाला. नातीने गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला, तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर आली आणि एक उग्र वास सुटला. दोन क्षणांत शिंगं परत आत. नात दचकली, मग टाळ्या पिटत सुटली. असे सुरवंट आजवर किती चिमटीत धरून मी बागेबाहेर टाकले असतील!

गुलाबाच्या पानांचं तर मला फार लागलं. कंपासने आखावेत तसे गोल तुकडे दर वसंतात कडेने कापलेले दिसायचे, की मी लगेच औषध मारायची. या वेळी कापणारी डोळ्यांसमोर पाहिली. एक छोटी, एकटी राहणारी मधमाशी. पानाच्या कडेवर बसली, काही सेकंदांत गोल कातरला, पोटाखाली धरला आणि उडून गेली. ती पान खात नाही, पिल्लांसाठी घरट्यात त्याचं अस्तर करते. झाडाचं त्यात फारसं काही बिघडत नाही, उलट फुलांचे पराग हीच माशी इकडून तिकडे नेते.

एका फांदीवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला तेव्हा मात्र हात शिवशिवले. मुलाला पंप आणायला सांगणार होते. दोन दिवस थांबू म्हटलं. तिसऱ्या दिवशी लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे आले आणि मावा फस्त करू लागले. पूर्ण गेला नाही, पण कळ्या उमलल्या.

हे सगळं लिहायचं कारण आपली रविवारची बागकामाची पुरवणी. मी ती आवडीने वाचते. पण वसंत आला की तिच्यात कोणत्या किडीवर काय फवारावं, हेच येतं. ज्यांचं पोट पिकावर आहे त्यांना फवारणी टाळता येत नसेल, हे मला समजतं. लिंबाचं अगदी लहान रोप असेल तर सुरवंट ते ओरबाडून टाकतात, हेही खरं. पण घरच्या चार झाडांना एवढी घाई कशाला? त्या पानावर कोण कोण येतं, ते ओळखायचं कसं, याला महिन्यातून एकदा जागा द्याल का? आजारपणामुळे, म्हातारपणामुळे दाराबाहेर पडता न येणारे वाचक पुष्कळ आहेत. कुंडीतलं एक झाड खिडकीत असलं तरी त्यांना रोज काही बघायला मिळेल.

आमच्या सुरवंटाने दहा दिवसांपूर्वी काटकीला रेशमाचा पट्टा बांधून कोष केला. काल संध्याकाळी तो काळपट झाला आणि आतून पंखांवरची पिवळी नक्षी दिसू लागली. नातीने उद्या पहाटे उठवायला सांगितलं आहे.

कळावे,
आपली एक नियमित वाचक