धरणातला साठा छापता, पाण्याचा दर्जाही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक जलदिनानिमित्त आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. जगात सुमारे २१० कोटी लोकांना, म्हणजे दर चार माणसांमागे एकाला, आजही सुरक्षित पिण्याचे पाणी मिळत नाही, हा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा २०२५ मधला आकडा त्यात असता तर बरे झाले असते. पण माझे म्हणणे वेगळे आहे. पाणी किती मैलांवरून आणावे लागते, नळाला किती दिवसांआड येते, टँकर किती लागले, यावर आपण भरपूर बोलतो. त्या पाण्यात काय आहे, हे मात्र ते पिणाऱ्याला कुणी सांगत नाही. तपासणी होत नाही असे नव्हे. तपासणी होते, नोंद होते, आणि ती नोंद फायलीत जाते.

हे न सांगण्याची किती किंमत मोजावी लागते ते बांगलादेशाने पाहिले आहे. तळी-डबक्यांचे पाणी पिऊन पटकी आणि हगवणीने मुले दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे गावोगावी उथळ नळविहिरी खोदल्या गेल्या. सरकार, युनिसेफ, पुढे लोक स्वतःही. हेतू चांगला होता आणि जंतूंपासून सुटकाही झाली. पण त्या गाळाच्या जमिनीतल्या पाण्यात आर्सेनिक हे विषारी द्रव्य होते, आणि ते तपासण्याचे कुणाच्या ध्यानात आले नाही. शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये १९८३ सालीच कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहा या त्वचारोगतज्ज्ञांनी तळहातांवर, तळपायांवर खरखरीत गाठी आलेल्या रुग्णांचे मूळ विहिरीच्या पाण्यात शोधले होते. सीमेपलीकडे विहिरी खोदणे चालूच राहिले. बांगलादेशात विहिरींमध्ये आर्सेनिक सापडले ते १९९३ मध्ये. तोवर कोट्यवधी लोक ते पाणी वर्षानुवर्षे पीत होते. कर्करोग, हृदयविकार, हातापायांचे व्रण हे सारे सावकाश येते, त्यामुळे पाण्यावर संशय जात नाही.

यापुढे जे झाले ते मला फार महत्त्वाचे वाटते. सुमारे ५० लाख नळविहिरी तपासल्या गेल्या आणि त्यांची तोंडे रंगवली गेली. दोषी असेल तर लाल, चांगली असेल तर हिरवी. त्याला मोठे यंत्र लागले नाही. वाचता न येणाऱ्या बाईलाही तो रंग कळत होता, आणि आपली विहीर लाल निघालेल्या कितीतरी घरांनी शेजारच्या हिरव्या विहिरीवरून पाणी आणायला सुरुवात केली. घबराट माजली नाही, दंगल झाली नाही. माणसांना कळले, तशी माणसे वागली. दुर्दैवाने पुढे रंग उडाले, नव्या विहिरी न तपासताच खोदल्या गेल्या, आणि २०१६ मध्येही सुमारे दोन कोटी लोक तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिकचे पाणी पीत असल्याचा अंदाज ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने मांडला. सांगणे थांबले की पुन्हा अंधारच.

ही फक्त गरीब देशांची गोष्ट आहे असेही समजू नये. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला, जुन्या नळांना गंज चढू नये म्हणून घालायचे द्रव्य घातले नाही, आणि शिसे पाण्यात उतरू लागले. रंग आणि वास बदलल्याची तक्रार लोक करत होते आणि अधिकारी पाणी ठीक असल्याचे सांगत होते. शेवटी रहिवाशांनी स्वतः नमुने दिले, एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातले शिसे लोकांपुढे मांडले, तेव्हा २०१५ मध्ये मान्य करावे लागले.

आता आपल्याकडे येतो. मी यवतमाळ जिल्ह्यात आरोग्य सहाय्यक म्हणून नोकरी केली. आपल्या राज्यातली पद्धत कागदावर खरोखर चांगली आहे, हे मी आधी सांगतो. प्रत्येक ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर टाकायची, निदान अर्धा तास जाऊ द्यायचा, मग शेवटच्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे का याची तपासणी, करायची. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळसर छटा यायला हवी. छटा आली नाही तर क्लोरीन शिल्लक नाही, पाणी पुन्हा शुद्ध करा. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. म्हणजे बांगलादेशाने जे रंग विहिरीवर लावले, ते आपल्याकडे कार्डावर आहेत. आणि कार्ड असते कपाटात!

एका ग्रामपंचायतीत टीसीएलचे पोते ओल धरलेल्या खोलीत तोंड उघडे टाकलेले पाहिले. हात घातला तर ढेकळे झालेली, वास गेलेला. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असते, त्या पोत्यात किती उरला असेल याचा अंदाज करावा. पावडर रोज टाकली जात होती, तशी नोंदही होती, आणि शेवटच्या नळाच्या पाण्याला छटा येत नव्हती. शिपाई कामचुकार नव्हता. जे हातात दिले ते तो टाकत होता. नळावर घागर भरणाऱ्या बाईला ती नळी एकदा दाखवली असती, तर तिनेच दुसऱ्या दिवशी विचारले असते की आज पिवळे का झाले नाही.

फ्लोराइडचे दुखणे आणखी कठीण, कारण त्यावर टीसीएलचा काही उपयोग नाही आणि पाणी उकळल्यानेही ते जात नाही, उलट आटून प्रमाण वाढते. आपल्या मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही गावांत हापशीचे पाणी त्याच्या पलीकडे जाते. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, पुढे सांधे आखडतात. एका वस्तीवर मी हापशीचे पाणी पिऊ नका म्हटले, तेव्हा एक बाई म्हणाल्या, “डॉक्टर, पानी तं काचेवानी साफ आहे, मंग नाही कावून म्हनता?” त्यांचे चुकत नव्हते. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, मग कुणीतरी सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसे? तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनेच विकसित केलेली आहे. उपाय घरचा आहे. पण गरज आहे हे माहीत झाल्याशिवाय तो कोण मागणार?

शहरांनीही निश्चिंत राहू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोम या हातापायांची ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, तेव्हा कुठे विहीर, टँकर, आरओचे पाणी यांची चौकशी सुरू झाली. लोक आधी अतिदक्षता विभागात पोहोचले आणि पाण्याचे अहवाल नंतर बाहेर आले.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावावा लागला, ही आपल्या राज्याची स्मृती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ पाणी हा मानवी हक्क आहे असा ठराव केला तो २८ जुलै २०१० रोजी, म्हणजे ८३ वर्षांनी. आपण पितो ते पाणी कसे आहे हे कळणे हा त्याच हक्काचा भाग आहे असे मी मानतो.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक सार्वजनिक विहीर, हापशी आणि टाकीजवळ फलक असावा. शेवटची तपासणी कधी झाली, क्लोरीन किती, जंतू आहेत की नाहीत, फ्लोराइड आणि नायट्रेट किती, आणि निर्णय लाल की हिरवा. ग्रामसभेत तो अहवाल मोठ्याने वाचून दाखवावा. अयोग्य हापशीला लाल रंग द्यावा, दर पावसाळ्यानंतर तो पुन्हा लावावा, आणि रंगाबरोबरच जवळचा चांगला स्रोत कोणता तेही लिहावे, नाहीतर तहानलेला माणूस लाल हापशीचेच पाणी पिईल. थंड पाण्याचे जार विकणाऱ्यांनाही तपासणीची तारीख लिहिणे बंधनकारक करावे.

आणि एक विनंती थेट आपल्याला. पावसाळ्यात आपण रोज धरणांतल्या साठ्याची टक्केवारी छापता आणि लोक ती चहाच्या टपरीवर वाचतात. गावनिहाय पाणी तपासणीच्या नोंदी जलजीवन मिशनच्या संकेतस्थळावर असतात, पण संगणक उघडून त्या शोधणारे किती? आपल्या जिल्हा आवृत्तीत महिन्यातून एकदा तालुकावार तक्ता द्या: किती नमुने तपासले, किती दूषित निघाले, कोणत्या गावचे. पुढच्या महिन्यात त्याच गावांचे पुढे काय झाले तेही द्या. तक्ता तयार करायला मनुष्यबळ कमी पडत असेल तर माझ्यासारखे निवृत्त कर्मचारी हे काम विनामूल्य करून देतील. मी स्वतः तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक, जि. यवतमाळ